आमची वाटचाल : सक्शन मशीनच्या दुरुस्तीपासून जखमेच्या पंपापर्यंत

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आजही जत-कवठेमहांकाळपासून पार अथणी-चिकोडीपर्यंतचे पेशंट इथं येतात. एवढे दवाखाने म्हटल्यावर मशीन दुरुस्त करणाराही लागतोच. सक्शन मशीन (रक्त-पू ओढून घेणारं), ऑटोक्लेव्ह (वाफेनं हत्यारं निर्जंतुक करणारं), बीपी अ‍ॅपरेटस यांच्या दुरुस्तीतूनच आमची सुरुवात झाली.

वॉर्डात जाता-येता एक गोष्ट नेहमी दिसायची. मधुमेही माणसाच्या पायाचं ऑपरेशन होतं, सडलेला भाग काढतात, पण जखम भरता भरत नाही. अशा जखमेतलं पाणी सतत ओढून घेणारं परदेशी मशीन परवडत नसल्यानं सर्जन जखमेवर स्पंज ठेवायचे, त्यात राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), वरून चिकट फिल्म आणि नळी थेट भिंतीवरच्या सक्शनला. उपाय योग्यच होता. पण ते सक्शन कमीजास्त होतं, रात्री फिल्म सुटली तर कुणाला कळत नाही आणि पेशंटला खाट सोडता येत नाही. या तीन अडचणी सोडवणारं मशीन इथंच बनवायचं, हे तेव्हाच ठरलं.

मॉरिकवास आणि अर्जेंटा या अमेरिकन संशोधकांचे डुकरांवरचे प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरइतकी ओढ दिली की जखमेतला रक्तप्रवाह चौपट होत होता. ओढ ४०० च्या घरात नेली की तोच प्रवाह घटत होता. म्हणून आमची सगळी मेहनत पंपाच्या ताकदीपेक्षा दाब स्थिर ठेवण्यावर गेली. हवा गळली की अलार्म वाजतो, आणि लाइट गेली तरी बॅटरीवर काम चालू राहतं.

मशीनइतकंच महत्त्व ड्रेसिंगला. आमचा माणूस प्रत्येक वॉर्डात सिस्टरना शेजारी उभा राहून दाखवतो: फोम जखमेवर धरून कापायचा नाही, चुरा आत पडतो. तुकडे किती घातले ते फिल्मवर पेनानं लिहायचं, म्हणजे दोन-तीन दिवसांनी बदलताना एखादा आत राहत नाही. मशीन चालू केल्यावर फोम तासगावच्या बेदाण्यासारखा आक्रसला की समजायचं, सील बसलं.

आणि एक गोष्ट आम्ही स्वतःहून सांगतो, मग ऑर्डर गेली तरी चालेल. पायाची रक्तवाहिनीच बंद असेल तर आधी डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) करा, व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा. काळी पडलेली मेलेली त्वचा तशीच ठेवून किंवा उघड्या रक्तवाहिनीवर हे मशीन लावू नका.

मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ नंतर परवान्याची कागदपत्रं वाढली. छोट्या युनिटला ते जड जातं, पण प्रत्येक मशीनचा नंबर आणि फोमच्या प्रत्येक बॅचची नोंद हवीच, असं माझं ठाम मत आहे.

मशीन आम्ही भाड्यानं देतो. ऊसतोड करणाऱ्या घराला विकत घे म्हणण्यात अर्थ नाही.

सध्या हातात आहे तो पायाचा कॉम्प्रेशन पंप. गुडघा बदलल्यावर पेशंट पडून राहतो, पोटरीत रक्त साकळून गुठळी होण्याची भीती असते. पंपाची स्लीव्ह घोट्याकडून वर एकेक कप्पा फुगवत रक्त पुढं ढकलते. स्लीव्ह इचलकरंजीत शिवून घेतो. बाजारातल्या स्लीव्ह आपल्याकडच्या बारीक चणीच्या आजींच्या पायावर ढिल्या पडतात, म्हणून सगळ्यात लहान मापाचं काम आधी घेतलंय.