आमची वाटचाल : वाकळ, शिवण आणि वजनदार इस्त्री

कराडमधील आमच्या घराच्या पडवीत १२ वर्षांपूर्वी मी आणि माझ्या सासूबाईंनी गोधड्या शिवून देण्याचे काम सुरू केले, तेव्हा एक शिलाई मशीन, दोन कात्र्या आणि घरातली रोजची हलकी इस्त्री एवढेच आमचे भांडवल होते. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या वाकळेला इस्त्री लागतच नाही. लुगड्यांचे थर अंथरायचे, कडेपासून आत धावदोरा घालत यायचे आणि सुरकुती तळहाताने सारायची. पुढे ग्राहक आईच्या, आजीच्या साड्या आणून त्यांचे चौकोन जोडलेली गोधडी मागू लागले आणि इस्त्री हे आमच्या कामातील मशीनइतकेच महत्त्वाचे साधन झाले.

कारण सरळ हिशेबाचे आहे. एका ओळीत १२ चौकोन असतील तर ११ शिवणी येतात, आणि नीट न दाबल्यामुळे प्रत्येक शिवणीत केवळ २ मिलिमीटर कापड दुमडून राहिले, तरी ओळ २ सेंटिमीटरांहून अधिक आखूड होते. मग शेजारच्या ओळीशी कोपरे जुळत नाहीत आणि ओढून जुळवलेली गोधडी पहिल्या धुण्यातच वेडीवाकडी होते. सासूबाई मला सारख्या सांगत, “अगं, इस्त्री फिरवू नकोस. ठेव आणि उचल.” इस्त्री पुढेमागे ढकलली की कापड, विशेषतः उरेब म्हणजे तिरके कापलेले, ताणले जाते. ठेवून उचलायचे तर दाब इस्त्रीच्या वजनातून यायला हवा, आणि आमची घरची इस्त्री त्याला अपुरी पडत होती.

म्हणून आम्ही २००० वॅटची वाफेची इस्त्री घेतली. तिच्यासाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढावा लागला, आणि बोअरच्या पाण्यातील क्षार काही महिन्यांतच तिच्या वाफेच्या छिद्रांत साचले. एके दिवशी एका ताईंच्या आजीच्या पांढऱ्या सुती लुगड्यावर तिने तांबूस थेंब टाकले. ते लुगडे तेवढेच होते, दुसरा तुकडा नव्हता. डागाळलेले चार चौकोन उसवून काढताना मला जे वाटले, ते मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर घेतलेली साधी, बिनवाफेची, १००० वॅटची आणि दोन किलोंहून जड इस्त्री आम्हाला दीड हजार रुपयांच्या आत मिळाली. ती सुमारे सव्वाचार अँपिअर वीज घेत असल्याने ६ अँपिअरच्या पॉइंटवर चालते. दुकानात आम्ही आधी आयएसआय चिन्ह पाहतो, मग इस्त्री टाचेवर न डगमगता उभी राहते का, टोक शिवणीच्या कोपऱ्यात शिरेल इतके निमुळते आहे का, आणि वायर मुठीत शिरते तिथे तिला लवचीक रबरी आधार आहे का, हे तपासतो, कारण वायर बहुधा तिथेच तुटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती साध्या स्क्रूने उघडली पाहिजे आणि तिचा एलिमेंट गावातल्या दुकानात मिळाला पाहिजे. तळाच्या चकचकीत लेपासाठी जास्त पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.

वाफेची गरज ओल्या मलमलीने भागते. टेरिकॉटचा तुकडा असेल तर उष्णता कमी ठेवून मलमलीवरूनच दाबतो. टेबलावर प्लायवूड आणि वर एकच घट्ट ताणलेले ब्लँकेट आहे, कारण मऊ गादीत शिवण रुतते आणि सपाट होत नाही.

वजनाने मनगट दुखते, हे खरे आहे. त्यामुळे आज आम्ही पाच जणी तासातासाने इस्त्रीवरची पाळी बदलतो, आणि सासूबाई ती आता उचलत नसल्या तरी चौकोन लावून देण्यासाठी टेबलाशी बसतात. पहिल्या वजनदार इस्त्रीचा एलिमेंट दोनदा आणि वायर तीनदा बदलली आहे; ती रोज चालू आहे.