जागा स्वतःची होती म्हणून तगले

व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या दुकानांचा विषय निघाला की गाडी लगेच ब्लॉकबस्टर या अमेरिकेतल्या मोठ्या चेनवर येते. 2000 साली नेटफ्लिक्स 5 कोटी डॉलरला मिळत होती आणि ब्लॉकबस्टरने नाही म्हटलं, हे तर आता सगळ्यांना पाठ झालंय. पण मला खरं कौतुक आहे ते अमेरिकेतल्या फॅमिली व्हिडिओचं. ब्लॉकबस्टर 2010 ला दिवाळखोरीत गेली आणि ही लहान लहान गावांत दुकानं असलेली चेन त्यानंतरही दहा वर्षं चालू होती. कशी राहिली, हे समजून घेताना मला या धंद्याचं गणित पहिल्यांदा नीट कळलं.

आधी कॅसेटचं गणित बघा. स्टुडिओवाले दुकानदाराला नव्या पिक्चरची एक कॅसेट साधारण 65 डॉलरला विकायचे आणि दुकानदाराला एका वेळच्या भाड्याचे मिळायचे 3 डॉलर. म्हणजे तीच कॅसेट वीस-बावीस वेळा बाहेर गेली की कुठे तिचे पैसे वसूल, त्यानंतर कमाई, आणि नव्या पिक्चरची गर्दी तर पहिले काही आठवडेच असते. मग दुकानदार मोजक्याच कॉपी घेणार आणि शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक हात हलवत परत जाणार. शेल्फवर रिकामी कव्हरं ओळीने लावलेली असायची ना, आपण कव्हर उचलायचं आणि मागे कॅसेट नसली की समजायचं गेली कुणीतरी घेऊन, तो हिरमोड ज्याने अनुभवलाय त्यालाच कळेल!

यावर तोडगा निघाला 1998 च्या सुमारास. ब्लॉकबस्टरने स्टुडिओंशी भाड्यात वाटणीचा करार केला, कॅसेट थोडक्या डॉलरला घ्यायची आणि भाड्यातला मोठा हिस्सा स्टुडिओला द्यायचा. एकाच पिक्चरच्या ढीगभर कॉपी ठेवणं परवडायला लागलं आणि छोट्या दुकानदारांच्या पोटावर पाय आला, त्यांना तसले भाव कोण देणार.

फॅमिली व्हिडिओने मात्र वाटणी नाही केली. सरळ विकत घ्यायचे, पैसे आधी अडकायचे पण एकदा वसूल झाले की पुढचं सगळं भाडं स्वतःच्या गल्ल्यात. हे लोक मुळात घरगुती उपकरणांच्या धंद्यातले, 1978 ला व्हिडिओत आले, त्यामुळे माल घेऊन शेल्फवर ठेवायची सवय अंगात मुरलेली असणार असं मला वाटतं. जुना पिक्चर फुकट जात नाही हे त्यांना कळलं होतं. आज पैसे देऊन झालेली डिस्क उद्या कुणीही नेली तरी नफाच आहे. शिवाय मुलांच्या प्रगतिपुस्तकात ए ग्रेड असली की त्यांना पिक्चर फुकट न्यायला मिळायचे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पोरगं प्रगतिपुस्तक घेऊन आलं की आई किंवा बाबा सोबत असणारच आणि तेही काहीतरी उचलणारच.

पण खरी कमाल जागेची. दुकानांच्या इमारती बहुतेक त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या होत्या. ब्लॉकबस्टरचं 2004 च्या आसपास 9000 च्या वर दुकानांचं जाळं होतं पण गिऱ्हाईक कमी झालं तरी घरमालकाला भाडं द्यायचंच. फॅमिली व्हिडिओने काय केलं, शेल्फ थोडी आत सरकवली, मध्ये भिंत घातली आणि मोकळी झालेली जागा पिझ्झाच्या दुकानाला दिली. लोक पिझ्झा न्यायला आले की शेजारच्या दारातून पिक्चर घेऊन जायचे. ऐकायला साधं वाटतं पण हा निर्णय घ्यायला आपला धंदा आकसतोय हे मान्य करावं लागतं आणि ते वेळेवर मान्य करणारे फार कमी असतात.

शेवटी 2021 च्या सुरुवातीला त्यांनीही उरलेली अडीचशेच्या आसपास दुकानं बंद केली. कोरोनात थिएटर बंद, नवे पिक्चर पुढे ढकलले जात होते, नवीन डिस्कच येत नव्हत्या तर शेल्फवर ठेवणार काय. वाईट वाटलं वाचून. पण माझ्या मते ते हरले असं म्हणणं चूक आहे, इतक्या कामगारांचा पगार दहा वर्षं जास्त चालला असेल तर ती कमाईच आहे की.

आता जी थोडी दुकानं उरलीत त्यांनी वेगळाच रस्ता धरलाय. सिएटलच्या स्केअरक्रो व्हिडिओने 2014 ला नफ्याचा हिशोबच सोडला आणि ना-नफा संस्था झाली, त्यांच्याकडे लाखाहून जास्त पिक्चर आहेत. स्ट्रीमिंगवर हक्कांची मुदत संपली की पिक्चर एका रात्रीत गायब होतो, डिस्क मात्र शेल्फवर असते. नेटफ्लिक्सनेसुद्धा 2023 च्या सप्टेंबरमध्ये पोस्टाने डिस्क पाठवणं बंद केलं, म्हणजे स्ट्रीमिंगवर नाही ते बघायचं असेल तर आता अशीच ठिकाणं.

आणि डिस्क सांभाळणं हेही कामच आहे हो. परत आलेली डिस्क काउंटरवरचा माणूस दिव्याखाली तिरकी धरतो, चरे दिसतात का बघतो, मग मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसतो, गोल गोल कधीच नाही कारण गोल चरा पडला की प्लेअरला डिस्कचा तेवढा भाग वाचणं फार अवघड जातं. एवढं करून ती पुन्हा कव्हरमध्ये टाकतो आणि तिच्या जागेवर नेऊन ठेवतो, पुढचं कुणी मागायला येईल म्हणून.