पार्टिशन झालं म्हणजे नेमकं काय झालं?

"वकीलबाई, आमचं पार्टिशन कधीच झालंय." सोलापूर जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात वकिली करताना हे वाक्य मी सतत ऐकते. बोलणारा खोटं बोलत नसतो. चुली वेगळ्या झालेल्या असतात, मधे बांध पडलेला असतो. थोरला वरच्या तुकड्यात ज्वारी पेरतो, धाकट्यानं खालच्या अंगाला डाळिंब लावलेलं असतं, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पाळ्याही ठरलेल्या असतात. आता यापेक्षा वेगळं पार्टिशन ते काय, असं त्याला मनापासून वाटतं.

हा इंग्रजी शब्द आपल्याकडे किती कामांना जुंपलाय! आमच्या बार रूममध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा हार्ड डिस्कचं पार्टिशन करतो. १९४७ चं पार्टिशन आपण फाळणी म्हणून ओळखतो. पण भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन फाळणीचा नकाशा मागितला, तर तिथला माणूस शांतपणे गट नंबर विचारतो, कारण त्याच्या लेखी फाळणी म्हणजे एका नंबराचे पोटहिस्से पाडणं. हे सगळे अर्थ आपापल्या जागी सुखानं नांदतात. शेतजमिनीच्या बाबतीत मात्र गावातलं पार्टिशन आणि कायद्यातलं पार्टिशन यांत अंतर पडतं, आणि ते अंतर बहुतेक वेळा घरातल्या लेकींना भोवतं.

गावात ज्याला पार्टिशन म्हणतात ती पुष्कळदा नुसती वहिवाट असते. सोयीसाठी कोण कुठला तुकडा कसणार एवढंच ठरलेलं असतं. सातबारावर सगळ्यांची नावं सामाईकच राहतात, किंवा वडील गेल्यावर वारसाची नोंद होऊन भावांची नावं लागतात. फेरफार झाला म्हणजे मालकीचा निकाल लागला असा समज पक्का आहे. पण फेरफार ही महसुलाची नोंद. तिच्यामुळे कुणाची मालकी जन्माला येत नाही की मरत नाही.

आता लेकींचं. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच कायदा करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मानं हक्क दिला, पण त्या वर्षी २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. म्हणजे आज ज्या माझ्यासमोर येऊन बसतात, त्यांतल्या कितीतरी जणी. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या हिंदू वारसा दुरुस्तीनं ती अट उरली नाही. लग्न झालेलं असो वा नसो, लेक मुलाइतकीच हक्कदार. एक अपवाद मात्र ठेवला: २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेलं पार्टिशन किंवा विक्री या दुरुस्तीमुळे उकलता येणार नाही.

आणि इथंच कायद्यानं पार्टिशन म्हणजे काय हे स्वतः लिहून ठेवलंय. या कलमापुरतं पार्टिशन म्हणजे रीतसर नोंदवलेल्या वाटणीपत्रानं झालेलं, नाहीतर कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेलं. मला हे स्पष्टीकरण फार मोलाचं वाटतं. ते नसतं तर प्रत्येक भाऊ उभा राहून म्हणाला असता, "आमची तोंडी वाटणी वडिलांच्या हयातीतच झाली होती," आणि बहिणीनं ते खोडायचं कसं? सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात हेच बजावलं. २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, आणि तोंडी वाटणीचं म्हणणं नुसत्या साक्षीवर मान्य करता येणार नाही. अगदी अपवादानं ते मान्य करायचं झालं, तरी पाठीशी भक्कम सरकारी कागद हवेत.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या होत्या. भाऊ सही मागत होता. "पार्टिशन झालंय, फक्त तुझं नाव कमी करायचं राहिलंय," असं त्यानं सांगितलं होतं. कागद बघितला तर हक्कसोडपत्र. मी म्हटलं, "मावशी, वाटणी खरंच झाली असती तर तुमच्या सहीची गरजच काय होती?" त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हिश्श्याचं सोडा, पण मला आधी विचारायला तरी हवं होतं." भावाला हिस्सा सोडून द्यायचा की नाही हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न. माहेर तुटू नये म्हणून बायका सोडतात, आणि त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पण काय सोडतोय हे कळून सोडावं, एवढा माझा आग्रह आहे.

आईचा हिस्सा तर दावा लिहितानासुद्धा राहून जातो. आपल्याकडच्या हिंदू कायद्यात वडील हयात असेपर्यंत आईला स्वतः वाटणी मागता येत नाही, पण वाटणी होत असेल तर तिला मुलाइतका हिस्सा द्यावा लागतो. समजा, वडील २००५ नंतर मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, तीन मुलं, दोन मुली. आधी वडील धरून सात सारखे हिस्से मांडायचे, मग वडिलांचा सातवा हिस्सा मागे राहिलेल्या सहा जणांत वाटायचा. गणित करून बघा, प्रत्येकाला बरोबर एक षष्ठांश येतो. सहा एकर असेल तर एकेक एकर, आईलासुद्धा.

दावा लागला तरी लगेच बांध पडत नाही. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनाम्यात कुणाचा किती हिस्सा ते ठरवतं. सारा भरणाऱ्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे जातं, तिथून मोजणी, आणि मग सरस-निरस मानानं तुकडे. काळी कुणाला, माळरान कुणाला, रस्त्याकडची बाजू कुणाला, हे सगळं तोलावं लागतं. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे फार लहान तुकडा पाडताही येत नाही, मग एखाद्याला पैशात भागवावं लागतं. गावठाणातल्या चार खणांच्या घराचे सहा हिस्से तर कुणालाच पाडता येत नाहीत. तिथं १८९३ चा पार्टिशन अ‍ॅक्ट कामी येतो, म्हणजे घर विकून पैसे वाटायची सोय.

तेव्हा माहेरच्या जमिनीचं पार्टिशन झालंय असं कुणी सांगितलं, तर भांडू नका. वाटणीपत्राचा दस्त नंबर आणि तारीख विचारा, किंवा दाव्याचा नंबर. दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मिळते, हुकूमनाम्याची कोर्टात. जुने फेरफारही काढून आणा, कधी कुणाचं नाव लागलं आणि कुणाचं गळलं ते त्यात दिसतं. आणि हे कागद हातात येईपर्यंत कशावरही सही करू नका.