चिंटू वर आला!!

आज सकाळी टाकीचं झाकण उघडलं तर आमचा हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा जमिनीवरचा खेकडा) चिंटू वाळूतून वर आलेला, कात टाकून एकदम चकचकीत, आणि तुटलेला पाय परत फुटलाय, अजून बारीक आणि फिकट आहे पण आहे, मी इतकी खूश झाले की काय सांगू. कात टाकायला महिन्याभराहून जास्त वाळूखाली होता. लोक मेला समजून उकरून काढतात हो, प्लीज असं करू नका, आत तो एकदम मऊ असतो आणि जुनी कात खाऊन त्यातलं कॅल्शियम परत घेत असतो.

इथे न्यू जर्सीच्या बोर्डवॉकवर (समुद्रकाठच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर) छोट्याशा पिंजऱ्यात, रंगवलेल्या शंखात विकतात ना ते बघून खरंच राग येतो. हे कॅरिबियनकडचे, समुद्रकिनाऱ्यावरून पकडून आणलेले जीव, नीट ठेवले तर 30 वर्षंसुद्धा जगतात. त्यांना श्वास घ्यायला दमट हवाच लागते, 80 टक्क्यांच्या आसपास, म्हणून जाळीचा पिंजरा नाही, काचेची बंद टाकी, तापमान 25-28 अंश सेल्सियस, आणि वाळूत नारळाचा भुसा मिसळून खोल थर. पाण्याच्या वाट्या दोन, एक गोडं एक खारं, पण खारं म्हणजे घरातलं मीठ नाही, मत्स्यालयाचं समुद्री मीठ, आणि क्लोरीन काढलेलं पाणी.

आता पठ्ठ्याला मोठा शंख लागणार. गोल तोंडाचे, न रंगवलेले टर्बो शंख कुणाकडे असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.