दोरी सुटली तर

मागच्या वर्षी मेक्सिकोत तुलूमजवळच्या सेनोटेंमध्ये (चुनखडीचं छत कोसळून झालेली पाण्याची विवरं) केव्ह डायव्हिंगचा, म्हणजे पाण्याने भरलेल्या गुहांत डाइव्ह करण्याचा कोर्स केला, तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो, आत घाबरलीस तर काय करतेस गं? म्हणून आज नीट बसून लिहितेय.

तारकर्लीला समुद्रात डाइव्ह करताना काही बिनसलं तर सावकाश वर यायचं, डोक्यावर आकाश असतंच. गुहेत डोक्यावर दगड. हवा संपत आली काय, टॉर्च गेला काय, जितकं आत आलात तितकंच मागे पोहत जायचं. म्हणून प्रवेशापासून एक बारीक नायलॉनची दोरी सलग आत नेलेली असते आणि ती सोडायची नाही. हवेचा हिशोबही तसाच, एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, उरलेली जोडीदाराची हवा गेली तर त्याच्यासाठी. म्हणजे टाकीत २०० बार दाबाने सुरुवात केली तर साधारण १३५ ला वळायचं, पुढे कितीही सुंदर दिसत असो.

कोर्समध्ये एक ड्रिल असतं, मास्क काळा करतात, दोरीपासून लांब नेतात आणि सोडून देतात. दिसत काहीच नाही, फक्त स्वतःच्या बुडबुड्यांचा आवाज, आणि त्या आवाजावरूनच मला कळलं की मी धापा टाकतेय. इन्स्ट्रक्टरने आधी बजावलं होतं की आधी थांब, पाय हलवू नकोस (पाय मारले की तळाचा गाळ उठतो आणि मग खऱ्या गुहेत टॉर्च असूनही आंधळेच), आणि श्वास बाहेर सोडायला जास्त वेळ घे. कारण भराभर उथळ श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, तो साठला की हवा पुरत नाहीये असं वाटतं, मग अजून भीती, अजून धाप, आणि १० मीटरवर तर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा दुप्पट हवा जाते.

चाचपडत एक दगड सापडला, त्याला छोट्या रिळाची दोरी बांधली आणि ती सोडत, हात वर खाली फिरवत पुढे गेले. बऱ्याच वेळाने मनगटाला काहीतरी तारेसारखं लागलं. दोरी!! रडायलाच आलं. पण खरी गोष्ट पुढेच आहे, मला शंभर टक्के वाटत होतं की बाहेरची वाट डावीकडे, तशी निघालेही, आणि थोड्या अंतरावर अंगठ्याखाली दोरीवर लावलेला प्लास्टिकचा बाण आला. त्याचं टोक जवळच्या बाहेरच्या वाटेकडे असतं. ते माझ्या मागे होतं. दोनदा चाचपून पाहिलं. मन ओरडून डावीकडे म्हणत होतं, आणि मी मनाचं न ऐकता बोटांचं ऐकून वळले.

२०१७ च्या एप्रिलमध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर शिस्को ग्रासिया नावाच्या शिक्षकाच्या बाबतीत हे खरोखर घडलं. सा पिकेता गुहेत गाळ उठला, दोरी सापडेना, शोधण्यात हवा गेली. तो आणि त्याचा जोडीदार एका हवेच्या कप्प्यात वर आले, दोघांना पुरेल इतकी हवा नव्हती, म्हणून जोडीदार मदत आणायला गेला आणि हा थांबला, जवळजवळ ६० तास. तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांच्या आसपास होता, डोकं दुखायचं, भास व्हायचे. पण त्याने पाणी चाखून पाहिलं, वरचा थर पिण्याजोगा निघाला. टॉर्च बंद ठेवला, पाणी प्यायला उतरायचं तेव्हाच लावायचा. अंधारात बसून राहणं हेच त्याचं काम होतं आणि त्याने ते केलं. मला हे वाचून अंगावर काटा येतो, कारण आपण सगळे अशा वेळी काहीतरी करायला धावतो.

मला वाटतं शांत राहणं हा स्वभाव नाहीये, मी तर लिफ्ट अडकली तरी घाबरायचे. ते हातांना आधी शिकवावं लागतं, सतत. म्हणून रविवारी हॉलमध्ये खुर्च्यांना दोरी बांधून डोळ्यांवर पट्टी लावून सराव करते. परवा आई आली होती, बराच वेळ गप्प बसून बघत होती. मग माझी पट्टी बांधून झाल्यावर उठली आणि हळूच दोरीसकट एक खुर्ची सरकवली. दोरी जिथे असायला हवी तिथे नव्हतीच. मी थांबले, श्वास सोडला आणि हात वर खाली फिरवायला सुरुवात केली.