मोबाईल पडला म्हणून

कोल्हापूरकडची साखर भरून संगमेश्वरला चाललो होतो. दहा टायरची गाडी, 50 किलोची 360 पोती, म्हणजे 18 टन माल. गाडीसकट काट्यावर 28 च्या आत भरलं. पासिंग, म्हणजे गाडीसकट वजनाची परवानगी, 28.5 टनाची आहे. ओव्हरलोड नव्हतो हे आधीच सांगून टाकतो, कारण ट्रक अडकला म्हटलं की लोक पहिलं तेच विचारतात.

जुलैचा पाऊस. आंबा घाट उतरून साखरप्याला आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. तिथून उजवीकडे देवरुखचा रस्ता. माझा रोजचा नसला तरी पाच-सहा वेळा केलेला. नाक्यावर टपरी बंद करणारा पोरगा म्हणाला, पुढं झाड पडलंय, सकाळशिवाय उचलत नाहीत. क्लीनरनं तोवर मोबाईलवर दुसरा रस्ता काढला होता. निळी रेघ, मधल्या वाड्यांतून, फक्त अकरा मिनिटं जास्त. "वस्ताद, लाल कुठंच नाही बघा."

लाल नसणारच. त्या रस्त्याला रात्री दहाला कोण मरायला जातंय? रेघ निळी असते ती रस्ता चांगला असतो म्हणून नव्हे, तर पुढं गर्दी नसते म्हणून. हे मला माहीत आहे. फोनमधला नकाशा आमच्यासाठी केलेलाच नाही, हेही माहीत आहे. त्यात कार आहे, मोटरसायकल आहे, चालणारा माणूससुद्धा आहे, पण ट्रक नाही. कारवाल्याचा वेळ आम्हाला दाखवतो आणि शेठ तोच वेळ पार्टीला सांगून मोकळा होतो. घाटात गाड्या तुंबल्या आणि मोटरसायकली कडेनं सुटायला लागल्या, की वाहतूक चालू आहे असं त्याला वाटतं. हायवेला पुलाच्या वर आहोत की खाली सर्व्हिस रोडला, तेही त्याला धड कळत नाही. तरी मी तो वापरतो. अनोळखी शहरात गोडाऊन शोधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि अपरात्री रस्ता विचारायला माणूस भेटत नाही.

त्या रात्री मात्र माणूसही भेटला होता. टपरीवाल्या पोराला मी दोनदा विचारलं, मोठी गाडी जाते का? त्यानं सरळ सांगितलं, "एसटी जाते की!"

आपल्याकडं यापुढं प्रश्नच संपतो. एसटी जाते म्हणजे सगळं जातं. मीही वळवली.

आमच्या केबिनमध्ये तशी दोन यंत्रं. एक शेठनं बसवलेला ट्रॅकर, तो मी कुठं आहे ते शेठला सांगतो. मी कुठं जावं ते मला सांगत नाही. दुसरा माझा फोन, हायवेच्या कडेला दीडशे रुपयांना घेतलेल्या स्टँडवर. या स्टँडची काचेला चिकटणारी रबरी वाटी पावसाळ्यात सुटते. थुंकी लावून बसवायची.

पहिले दोन-अडीच किलोमीटर ठीक होते. मग डांबर अरुंद झालं, दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे आले, फणसाच्या फांद्या ताडपत्रीला घासायला लागल्या. साखरेच्या गाडीला ताडपत्री फाटणं म्हणजे पगार फाटणं. माझं सगळं लक्ष वर होतं. फोनमधली बाई सांगत होती, सरळ पुढे जात राहा. रेंज कधीच गेली होती, पण एकदा रस्ता काढून दिला की नेट नसलं तरी ती बोलत राहते. उपग्रहाला रेंज लागत नाही.

एका खड्ड्यात गाडी आदळली आणि फोन स्टँडसकट खाली पडला. घरंगळत ब्रेकच्या पायाखाली गेला. ब्रेकखाली काही अडकलं तर काय होतं ते मी एकदा दुसऱ्याच्या गाडीचं पाहिलं आहे. पहिल्या गिअरवर होतो, हँडब्रेक ओढला, खाली वाकलो, फोन काढला. डोकं वर केलं तेव्हा वायपरनं काच पुसली होती आणि समोर हेडलाईटमध्ये, पंधरा-वीस फुटांवर, मोरी होती.

क्लीनर पोऱ्याला बसवून मी उतरलो. बॅटरी घेऊन मोरीच्या कडेला गेलो आणि वाकून पाहिलं. वरचं डांबर जागेवर, पण डाव्या अंगाचा दगडी बांध पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्यानं पोखरून नेलेला. डांबराची कड हवेत. खाली हात घातला तर कोपरापर्यंत पोकळ लागलं. डांबराच्या खालच्या बाजूनं खडी सुटून एकेक पाण्यात पडत होती. माझा डावा टायर बरोबर त्या कडेवरून गेला असता.

उजेड बघून वरच्या घरातनं एक आजोबा छत्री घेऊन आले. "कुठं चाललाव एवढी गाडी घेऊन?" मी एसटीचं सांगितलं. ते म्हणाले, एसटी येते, पण पावसाळ्यात अलीकडच्या वाडीपर्यंतच, तिथनंच फिरते. वजनाचा बोर्ड होता, तो पालखीच्या वेळी वाटेत येतो म्हणून काढून ठेवला, तो तसाच गोठ्याला टेकून आहे. म्हणजे टपरीवाला पोरगा खोटं बोलला नव्हता. आणि पुढपर्यंत गेली असती तरी भरलेली एसटी 16 टनांच्या आसपास. माझी तिच्या दीडपटीहून जड.

मग उलटी घेणं. सव्वा किलोमीटरवर एका घराचं खळं होतं, तिथवर. ज्याला ही गोष्ट माहीत नाही त्याला वाटतं रिव्हर्स म्हणजे रिव्हर्स. पावसात आरशावर नुसतं पाणी. मागं क्लीनर दिसत नाही, म्हणून आमची खूण हौद्यावरच्या थापेची: एक थाप थांब, दोन थापा येऊ दे, एसटीच्या घंटीसारखी. चढ लागला की पोरगं मागच्या चाकाला उटी, म्हणजे घसरू नये म्हणून अडण, लावायचं, मी क्लच जरा गार होऊ द्यायचो, मग पुन्हा. क्लचप्लेटचा जळका वास केबिनमध्ये भरला होता. दोन वळणांना पुढं-मागं करून सहा-सहा वेळा काढावी लागली. एका गडग्याचे चार दगड गाडीच्या मागच्या फाळक्यानं पाडले; ते आम्ही दोघांनी परत रचले, आजोबा छत्री धरून होते. चहा त्यांच्या घरी पहाटे साडेतीनला झाला. गावाचं नाव लिहीत नाही, बोर्ड गोठ्याला टेकवल्याबद्दल त्यांनाच कुणीतरी जाब विचारायचं.

उजाडल्यावर रेंजमध्ये आलो तसा ट्रॅकरनं साठवलेला सगळा माग शेठच्या मोबाईलवर एकदम गेला. लगेच फोन. गाडी चार तास मागं मागं का जात होती? सगळं सांगितलं. मोरीचं सांगितलं. फोन पडल्याचं सांगायच्या आधीच शेठ म्हणाले, "याला म्हणतात अनुभव. नवीन ड्रायव्हर असता तर गाडी पऱ्यात गेली असती." आणि मी गप्प बसलो.

त्या महिन्यात 1000 रुपये जास्त आले. घेतले. पोरगं म्हणालं, निम्मे स्टँडला द्या.

आता शेठच्या मुलानं ट्रकसाठी वेगळं ॲप घालून दिलंय, पैसे भरून. त्यात उंची, लांबी, वजन, ॲक्सल सगळं भरलं. चांगली गोष्ट आहे, ज्या देशांत प्रत्येक पुलाचं वजन कुणीतरी लिहून ठेवलंय तिथं त्याचा उपयोग होत असणार. गोठ्याला टेकलेला बोर्ड त्याला कुठून दिसणार? मी त्याला हे म्हणालो, तो म्हणाला, काका तुम्ही जुन्या वळणाचे. जुन्या वळणाचा असतो तर त्या रात्री साखरप्यालाच झोपलो असतो.

स्टँडही नवा आणलाय, स्क्रूनं आवळायचा. कितीही आदळली तरी हलत नाही.

परवा पाचलकडं एका बारक्या रस्त्यावर, रेघ निळी, बाई बोलतीय, फोन जागच्या जागी, आणि मी मोरीच्या अलीकडं गाडी उभी केली. पोऱ्यानं खाली पायाकडं पाहिलं.

"काय पडलं, वस्ताद?"

काही नाही म्हणालो, आणि बॅटरी घेऊन उतरलो.