मुलाची हिस्टरी घेताना

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, काम जास्त करून लहान मुलांचं. त्या दिवशी सहा वर्षांच्या मुलाची ऑटिझमची (स्वमग्नतेची) असेसमेंट होती, सोबत वडील आणि आजी (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). नेहमीचे प्रश्न चालू होते, हाक मारली की बघायचा का, गाड्या ओळीत लावतो का, मिक्सर लावला की कान झाकतो का, आणि दर वेळी आजी म्हणायच्या, "अहो त्यात काय, ह्याचा बापपण असाच होता की!" वडील गप्पच झाले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, माझी पण टेस्ट होते का?"

चाळिशीचा माणूस, आयटीत चांगल्या पोस्टवर. एकटे बसल्यावर सांगत होते, टीम लंचला काय बोलायचं ते आदल्या रात्री पाठ करतो, घरी आलो की लाइट बंद करून पडून राहतो, बायकोला वाटतं मला तिच्याशी बोलायचंच नाही. इतकी वर्षं स्वतःला माणूसघाणा समजत होते हो, ऐकून पोटात तुटलं.

पण निदान करायचं म्हटलं की भीती, ऑफिसला कळेल, शिक्का बसेल. मी सांगितलं, निदान वेगळं आणि दिव्यांग सर्टिफिकेट वेगळं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण सर्टिफिकेटसाठी स्वतः अर्ज करावा लागतो, तो नाही केला तरी चालतं, आणि नोकरीतलं आरक्षण वगैरे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तरच. रिपोर्ट तुमचा, कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा. ऑटिझमवर गोळी नाही हेही सांगितलं. कधीकधी तपासणीत ऑटिझम नाही, एन्झायटी किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) निघतं, तेही कळलेलं बरं.

माझं मत विचाराल तर तुमची आई आहे तोवर तपासणी करून घ्या. कारण लक्षणं लहानपणापासून हवीत हा निकषच आहे, आणि ते सांगणार कोण? आजींना आत बोलावलं तर त्या रडायलाच लागल्या, "पाहुणे आले की पलंगाखाली जाऊन बसायचा, फटके दिलेत मी त्याला." वडिलांनी आपल्या आईच्या पाठीवर हात ठेवला, "असू दे गं, तुला तरी कुठे माहीत होतं."

शेवटी तपासणी करायचं ठरलं, सर्टिफिकेट नको, ऑफिसला सध्या काही सांगायचं नाही, बायकोला मात्र पुढच्या वेळी घेऊन येतो म्हणाले. आजींची वेळ आधी घेतलीय, शनिवारी येतील, शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं माळ्यावर आहेत ती पण आणायला सांगितलीत.